बिनचुन्याचं मडकं

वाइनच्या बाटल्या उभ्या ठेवायच्या असतात, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच ठरवलं. खोकं उघडलं तर आत बारा बाटल्या पेंढ्यात आडव्या निजलेल्या. मी म्हटलं, बोटीवरच्या हमालांनी कशाही टाकल्या असतील, आपण सरकारी माणूस, आपण नीट ठेवू. एकेक बाटली फडक्यानं पुसली आणि भिंतीला लावून, प्रार्थनेला मुलं उभी करतात तशी ओळीत उभी केली. भिंत पत्र्याची होती, छप्पर पत्र्याचं होतं, महिना मे होता, आणि परवान्याच्या अर्जात त्या मागवणाऱ्या परदेशी साहेबाच्या वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा होता. तो रकाना भरून येईपर्यंत एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी साहेब आला. उंच, हाडकुळा, उन्हानं नाक सोललेला. त्यानं बाटल्यांकडे पाहिलं आणि त्यातली एक आडवी केली. मी ती पुन्हा उभी केली. त्यानं पुन्हा आडवी केली. मग खिशातून मळसूत्री हत्यार काढून बूच उपसलं, बाटली नाकाशी धरली आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "सॅलडसाठी उत्तम."

त्यातलं 'उत्तम' मला समजलं. मी वहीत नोंद केली: माल सुस्थितीत सुपूर्द, परवानाधारकाने समाधान व्यक्त केले. सॅलडवर आंबलेला शिरका घालतात आणि वाइनचा शिरका होणं म्हणजे तिचा मृत्यू, हे मला त्यानंतर महिन्याभरानं कळलं. तेही त्याच्याचकडून.

ही गोष्ट साठ ते सत्तरच्या दशकातली. तेव्हा आपल्याकडे दारूबंदी होती आणि मी त्या खात्यात पालघरला कारकून होतो. लोकांना वाटायचं, दारूबंदीतला माणूस म्हणजे दारू पकडणारा. प्रत्यक्षात माझं अर्धं काम दारू देण्याचं होतं. परदेशी माणसांना परवाना असायचा. डॉक्टरनं लिहून दिलं तर आपल्या माणसांनाही मिळायचा, औषध म्हणून. पालघरच्या सज्जनांना त्या काळात असे असे आजार होते की आज कोणाला होत नाहीत. एक बागायतदार परवाना बायकोच्या नावानं मागायला आले, कारण त्यांना गावात सगळे ओळखत होते. मी विचारलं, "वहिनींना काय होतं?" ते म्हणाले, "तिला माझी काळजी वाटते."

उरलेलं अर्धं काम मुद्देमालाचं. डोंगरातल्या पाड्यांवरून मोहाच्या दारूची मडकी पकडून आणायचे, त्यांना लाखेचं सील लावून पत्र्याच्या खोलीत ठेवायची, आणि खटला निकाली निघाला की हातोडीनं फोडायची. फोडायचं काम माझ्याकडे होतं. घरी पाण्याचा तांब्या हातातून निसटला तरी आमची ही म्हणायची, "ऑफिसचं काम घरी आणू नका."

आणि तिसरं काम, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, ते नीरेचं. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडावर चढून, त्याच्या पोयीचं, म्हणजे फुलोऱ्याच्या कोंबाचं, टोक तासून खाली मडकं बांधलं की त्यात गोड रस ठिबकतो. ती नीरा. सूर्य वर यायच्या आत उतरवली तर साखरेच्या पाण्यासारखी. पण हवेतच काहीतरी असतं, मडक्यातही असतं, आणि तोच रस काही तासांत फसफसायला लागतो. मग ती ताडी. नीरा सरकारमान्य, ताडी गुन्हा. दोघींमध्ये फक्त चुना. मडक्याला आतून चुना फासला की रस आंबत नाही. म्हणजे एका मडक्याला चुना असेल तर माणूस परवानाधारक आणि नसेल तर आरोपी. खात्यात माणसं कमी, म्हणून मडक्यात बोट फिरवून चुना आहे का ते पाहायला मलाही पाठवायचे. बारा वर्षांत मी इतक्या मडक्यांत बोटं घातली की माझ्या तर्जनीचं नख कायम पांढरं असायचं.

तर तो साहेब. त्याचं नाव मार्सेल. तारापूरला अमेरिकेच्या मदतीनं अणुविजेच्या केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथे परदेशी माणसांत हा एकटा फ्रेंच. नळांचे सांधे नीट जोडलेत की नाही ते तपासायचा. बोईसरच्या कामगारांत त्याला सगळे 'फ्रान्सवाला' म्हणायचे. परवानाधारकाकडच्या बाटल्या दर महिन्याला जाऊन पाहायचा नियम होता, म्हणून मी त्याच्या वसाहतीतल्या घरी जायचो. त्याचं आणि माझं इंग्रजी सारखंच लंगडं, त्यामुळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बरं चालायचं.

पहिल्याच भेटीत मी त्या बारा बाटल्यांची क्षमा मागितली. तो म्हणाला, "माझ्या वडिलांसमोर केलं असतं तर त्यांनी तुम्हाला तळघरात कोंडलं असतं." आणि मग त्यानं सांगायला सुरुवात केली.

त्याचे वडील एका जुन्या द्राक्षमळ्याच्या तळघराचे कारभारी होते. मळा त्यांचा नव्हे. मालक शहरात राहायचे, पण वाइन घडवायची ती याच्या घराण्यानं, बाप, आजा, पणजा. मळ्याला चारी बाजूंनी दगडी कुंपण. ते कुंपण काही शतकांमागे मठातल्या ख्रिस्ती साधूंनी घातलेलं. साधू माती जिभेवर ठेवून बघायचे म्हणे, आणि जिथे चव बदलली तिथे भिंत घातली. पुढे राज्यक्रांती झाली, साधूंना हाकललं, मळा लिलावात गेला. मालक बदलले, पण भिंत आणि कारभारी तेच राहिले. मग आजोबांच्या लहानपणी एक कीड आली. डोळ्याला दिसेल न दिसेल असा किडा, तो मुळं खायचा. सगळा मुलूख वाळला. शेवटी कळलं की अमेरिकेतल्या रानटी द्राक्षाच्या मुळाला तो किडा तोंड लावत नाही. तेव्हा अमेरिकेची मुळं आणून त्यावर आपल्या वेलींची कलमं बांधली.

"म्हणजे मूळ अमेरिकेचं आणि वरचं झाड आमचं," मार्सेल म्हणाला. "इथे तारापुरात काय वेगळं चाललंय?"

मी सरकारी नोकर. मी हसलो नाही, चहा प्यायलो.

वाइन कशी करतात तेही त्यानंच सांगितलं. उन्हाळा संपून थंडीच्या तोंडाशी तोडणी. गावातली सगळी माणसं मळ्यात. काळी द्राक्षं हौदात टाकून पायांनी तुडवायची. रस बिनरंगाचाच असतो, रंग सालीत असतो, म्हणून साली रसातच राहू द्यायच्या. द्राक्षावर जी पांढुरकी साय दिसते, तिच्यातच आंबवणारं काहीतरी असतं. दोन दिवसांत हौद आपोआप उकळायला लागतो, खाली जाळ नसताना. त्याचे वडील हौदाला कान लावून ऐकायचे. आवाज मंदावला की रस ओकच्या लाकडाच्या पिंपांत. लाकूड थोडं थोडं पिऊन टाकतं, म्हणून पिंप दर आठवड्याला काठोकाठ भरायचं, हवा शिरू द्यायची नाही. गढूळपणा काढायला अंड्याचं पांढरं. मग बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं आणि फुगून घट्ट बसतं. मग दहा वर्षं वाट बघायची.

"दहा वर्षं?" मी विचारलं.

"आणि मग पहिला घोट कारभाऱ्याचा. मालकाचा नाही. कारभारी मान हलवेल तेव्हा मालक प्यायचा."

युद्धात शत्रूचे सैनिक आले तेव्हा त्याच्या वडिलांनी तळघरात एक खोटी भिंत बांधली आणि चांगला माल तिच्यामागे लपवला. भिंत नवी दिसू नये म्हणून घरातल्या सगळ्यांनी आठवडाभर कोळी पकडून तिच्यावर सोडले. त्यांनी जाळी विणली. सैनिकांनी जाळी बघितली आणि ते परत गेले. मार्सेल तेव्हा तरुण होता, पण युद्ध संपेपर्यंत भिंत बोलली नाही आणि तोही बोलला नाही, असं तो अभिमानानं सांगायचा.

आता माझा स्वभाव असा की कोणी आपल्या घरची पैठणी दाखवली की मला निदान टॉवेल तरी दाखवावासा वाटतो. मी बोलून गेलो, "आमच्याकडेही असा माणूस आहे."

माहीमला, म्हणजे आमच्या केळव्याजवळच्या माहीमला, समुद्राच्या अंगाला काशिनाथबाबांची वाडी होती. बाबा भंडारी, पिढ्यान्‌पिढ्या ताडी काढणाऱ्यांतले. साठीच्या घरातले, पण ताडावर चढताना खालून बघणाऱ्याचीच मान अवघडायची. चाळीसेक ताड, आणि प्रत्येकाला नाव. एक 'सासू' होती, कारण तिचा रस आंबट. एक 'वाकडी'. सगळ्यात जुनी 'म्हातारी', ती आज्यानं लावलेली. दारूबंदीच्या आधी या वाडीची ताडी वैतरणेपर्यंत जायची आणि माणसं बाबांच्या वडिलांचं नाव घेऊन मागायची. बंदी आली त्या दिवशी बाबांनी सगळ्या मडक्यांना चुना फासला आणि पुन्हा ताडी म्हणून काढली नाही. मी कित्येक वर्षं त्यांची मडकी तपासली. एकदाही बोट चुन्याशिवाय बाहेर आलं नाही.

त्याचं कारण साधं होतं. झाडं बाबांची, पण झाडाला सुरी लावायला परवाना लागायचा. तो गेला की आपल्याच झाडावर चढणं गुन्हा. बाबा म्हणायचे, "भाऊसाहेब, परवाना म्हंजे माजे हातपाय हायत. ते गेले तर मी निस्ता धड."

जानेवारीतल्या एका रविवारी मी मार्सेलला घेऊन गेलो. त्याची जीप बेटेगावावरून पालघरला आली, तिथे मी बसलो, आणि अर्ध्या तासात माहीमला. बाबा नुकतेच उतरले होते, कमरेला आऊत, म्हणजे पोय तासायची वाकडी सुरी. मार्सेलनं ती पाहिली आणि स्वतःच्या खिशातून एक सुरी काढली. बापाची, वेली छाटायची. तीही तशीच वाकडी. दोघांनी सुऱ्या बदलल्या, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली, माना हलवल्या. मला त्या दोघांत दुभाष्याचं काम होतं, पण पाऊण तास मला कोणी काही विचारलंच नाही.

मग मार्सेल नीरा प्यायला. छान म्हणाला. आणि म्हणाला, "हा रस झाला. याची वाइन कुठे आहे?"

मी बाबांना सांगितलं. बाबा हसले. "त्यांना सांगा, ती या भाऊसाहेबांनी बंद केली."

"मी नाही, बाबा, सरकारनं."

"सरकार आमी पायलेलं नाय. आमी तुमालाच बगतो."

चुन्याचं सगळं ऐकल्यावर मार्सेलनं मान वर करून म्हातारीच्या शेंड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे हा माणूस रोज पहाटे चढतो, आणि वाइन होऊ नये म्हणून धावतो." मी ते भाषांतर केलं नसतं तर बरं झालं असतं. पण मी केलं. बाबांनी घराच्या माळ्याकडे हात केला. म्हणाले, "बापाचं मडकं हाय अजून माळ्यावर. धुतलेलं नाय. त्याच्या अंगातच ताडी हाय, रस पडला की लगेच लागते. पंधरा-सोळा वर्सं कोरडं पडलंय."

तिथेच मी म्हणालो, "एकदा लावा ना, बाबा. एकच. हे साहेब महिन्याभरात मायदेशी जाणार. त्यांना कळू तरी दे आपल्याकडे काय होतं ते."

मला त्या बारा बाटल्या भरून द्यायच्या होत्या, हे खरं. आपणही काही कमी नाही हे दाखवायचं होतं, हेही खरं. यांतलं एकही कारण बाबांच्या उपयोगाचं नव्हतं.

"नाय जमायचं," बाबा म्हणाले.

"माझी जबाबदारी. तपासणारा मीच आहे ना?"

बाबांची बायको, जानकीकाकी, ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मग कागद द्या तसा. एक मडकं बिनचुन्याचं लावायला परवानगी हाय म्हणून."

"अहो काकी, मी स्वतः सांगतोय. मीच कागद."

"मग सही करा सोतावर."

सगळे हसले. मीही हसलो. बाबांनी मार्सेलकडे पाहिलं, तो सुरीचं पातं उलटसुलट करून बघत होता. बाबांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत त्यांच्या हातची चव कोणी विचारली नव्हती, आणि आज सातासमुद्रापलीकडचा एक कारागीर विचारत होता. "तुमी सांगता म्हणून," ते मला म्हणाले. पण ते एकट्या माझ्यासाठी नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं आणि पुढे मी त्याचा आधारही घेतला.

मार्सेलची पाळी बदलली आणि पुढची सुट्टी बुधवारी आली. बुधवारी मी ऑफिसातून गैरहजर कसा राहणार? पण मी मुरलेला कारकून. आमच्याकडे फिरतीचा कार्यक्रम आगाऊ लिहून ठाण्याला, जिल्ह्याच्या कचेरीत पाठवायचा असे. मी त्यात टाकलं: बुधवार, मौजे माहीम, काशिनाथ यांची नीरावाडी, तपासणी. म्हणजे जायचं तिथेच जायचं आणि वर ती ड्यूटी. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की ओळीखाली पट्टीनं रेघही मारली.

बुधवारी उजाडता उजाडता आम्ही वाडीत होतो. बाबा म्हातारीवरून उतरले. कमरेला बापाचं मडकं, काळपट, काठाला चीर गेलेलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, कान लावला आणि मार्सेलला खूण केली. मार्सेलनं गुडघे टेकून कान लावला. आत बारीक सळसळ चालली होती. मार्सेल माझ्याकडे वळून म्हणाला, "माझे वडील असेच ऐकायचे." त्याचे डोळे भरले होते.

काकींनी पितळी पेला धुऊन आणला. बाबा म्हणाले, "आदी पावण्याला." मार्सेलनं मान हलवली, पेला बाबांच्या हातात दिला आणि मला म्हणाला, "सांगा, पहिला घोट कारभाऱ्याचा." मी सांगितलं. बाबांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले. मग मार्सेल प्यायला. बराच वेळ गिळलं नाही. मग विचारलं, "या झाडाला समुद्राचा वारा लागतो? मीठ आहे यात." बाबांनी ऐकलं आणि मला म्हणाले, "याला जमतं."

मी प्यायलो नाही. मी ड्यूटीवर होतो.

तेवढ्यात कुंपणापाशी गाडी थांबली. ठाण्याचे नवे निरीक्षक, दोन शिपाई आणि वाटेत धरलेले दोन पंच. नवा माणूस, कामाला कडक, आणि माणूस म्हणून वाईट नव्हे. त्यांचा आपला एक ठोकताळा होता: फिरतीचे कार्यक्रम वाचायचे, आणि जिथे तपासणी लिहिली असेल तिथे स्वतः अचानक जायचं, कारकून खरंच जातात की घरी झोपतात ते बघायला. माझ्या कार्यक्रमात रेघ मारलेली एकच ओळ होती. ते मला तपासायला आले होते.

मला जाग्यावर बघून ते खूश झाले. मग त्यांना वास आला. त्यांनी मडक्यात बोट फिरवलं. बोटाला पांढरं काही लागलं नाही.

"चुना नाही," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही तपासणीला आलात ना? काय आढळलं?"

त्या क्षणाला तीन माणसं माझ्याकडे बघत होती. बाबा, काकी आणि मार्सेल. 'साहेब, मी लावायला सांगितलं.' एवढी चार शब्दांची गोष्ट. मी ती अजूनही कधीकधी मनात म्हणून बघतो, अगदी सुरळीत येते.

मी म्हणालो, "तपासणी चालूच होती, साहेब."

मार्सेल पुढे झाला. आपल्या लंगड्या इंग्रजीत त्यानं सांगितलं, "हे माझ्यासाठी केलं, मी मागितलं." निरीक्षक अदबीनं म्हणाले की आपण पाहुणे आहात, आपल्याला काही त्रास होणार नाही. मार्सेलनं माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. हे सांगतील." निरीक्षकांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

मी म्हणालो, "घाबरलेत, साहेब."

काकींनी सूप खाली ठेवलं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण बाबांनी हात वर केला. "माजी चूक हाय, साहेब," ते म्हणाले. "अंधारात मडकं घेतलं. चुना लावायचा इसरलो."

पंचनामा मी लिहिला. माझं अक्षर खात्यात नावाजलेलं. 'मडक्यात बोट फिरवून पाहता चुन्याचा अंश आढळून आला नाही. आतील द्रवास आंबूस वास येत होता.' पंचांनी खाली सह्या केल्या. बाबांना लिहिता येत नव्हतं. मी शाईची डबी उघडली, त्यांचा अंगठा हातात धरला, डबीवर टेकवला आणि कागदावर दाबला. आयुष्यभर झाडाला मिठी मारून त्या अंगठ्याच्या रेषाच झिजल्या होत्या. नुसता काळा ठिपका उमटला. मी म्हणालो, "बाबा, परत एकदा." त्यांनी परत एकदा दिला.

बाबांचा परवाना रद्द झाला. बापाचं मडकं लाखेचं सील लागून माझ्या पत्र्याच्या खोलीत आलं आणि पावसाळ्याच्या सुमाराला, यादीप्रमाणे, मी ते फोडलं. मला खात्याकडून पत्र मिळालं. 'दक्षतेबद्दल समाधान'. सेवापुस्तकात त्याची नोंद आहे, निवृत्त होताना त्याचा उल्लेखही झाला.

मार्सेल जाण्याआधी परवाना परत करायला ऑफिसात आला. सही केली. मग विचारलं, "तो माणूस पुन्हा झाडावर चढतो?"

"नाही."

"आणि तुम्ही खुर्चीवर आहात," तो म्हणाला. रागानं नव्हे. नळाचा सांधा तपासून नोंद करावी तसं. मी उठून हात पुढे केला. त्यानं तो घेतला की नाही हे मला आठवत नाही, म्हणजे घेतला नसावा.

बाबांना झाडं खंडानं द्यावी लागली, आणि वाडीतला परवाना दुसऱ्याला मिळाला, बाहेरगावच्या माणसाला. त्याचा हात जड होता, खोल तासायचा. बाबा ओट्यावर बसून वर चाललेली सुरी ऐकायचे. दोन वर्षांत वाकडी वाळली, मग सासू. हे मला माहीमहून मासळी घेऊन येणाऱ्या बायकांकडून कळायचं. मी त्या वाडीची तपासणी मागणी करून दुसऱ्या कारकुनाकडे बदलून घेतली होती.

आणि मग काही वर्षांनी कायदाच सैल झाला. ताडीची परवानगीची दुकानं निघाली. काल जे मडकं गुन्हा होतं ते आज दुकानात. ते परिपत्रक माझ्याच टेबलावर आलं. मी ते दोनदा वाचलं आणि लगेच कोरा अर्ज घेतला. सगळे रकाने स्वतः भरले, नाव, वडिलांचं नाव, झाडांची संख्या. एकही रकाना रिकामा ठेवला नाही. रजा टाकून माहीमला गेलो.

बाबा ओट्यावर होते. गुडघे सुजलेले, काठी बाजूला. मी अर्ज वाचून दाखवला. म्हणालो, "बाबा, आता फक्त इथे अंगठा. बाकी सगळं मी बघतो." त्यांनी कागद हातात घेऊन थोडा वेळ पाहिला, उलटा धरून.

"आता कोण चडनार, भाऊसाहेब," ते म्हणाले, आणि घडी घालून कागद मला परत दिला. मग आत वळून म्हणाले, "अगो, यांना ताडगोळे दे." काकींनी डझनभर ताडगोळे पानात बांधून दिले. त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पण गाठ घट्ट बांधली, रस्त्यात सुटू नये म्हणून.

मी घरी आलो तो हलका होऊन. आमच्या हिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. दक्षतेचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तिला सांगून टाकलं होतं, आणि तिनं ते पत्र न वाचता पेटीत ठेवलं होतं. इतक्या वर्षांत तिनं तो विषय काढला नव्हता. मी पुडकं तिच्यासमोर ठेवलं. म्हणालो, "बघ, त्यांच्या मनात काही नाही. ताडगोळे दिले. मी तर अर्जसुद्धा पूर्ण भरून नेला होता, नुसता अंगठा द्यायचा होता."

ती ताडगोळा सोलत होती. साल हळूहळू निघते, घाई केली तर गर फुटतो. तिनं एक पूर्ण सोलला, वाटीत ठेवला, आणि विचारलं, "तुम्ही त्यांना म्हणालात का, की चूक माझी होती?"

"अगं, अर्ज कशाला नेला होता मग?"

ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा त्यांचाच अंगठा घ्यायला गेला होतात."